होत नाही, सर

गेले चार शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होती हे नेहमीचं कारण, आणि ते खरंही आहे. पण खरं सांगायचं तर हा लेख मनात घोळत होता आणि तो लिहायचा म्हणजे स्वतःची थोडी शोभा करून घ्यायची, म्हणून टाळत होतो. आज बाहेर पाऊस आहे, चहा झालाय, रिलीजही मार्गी लागली आहे. तेव्हा घेतोच लिहायला.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही पुण्याहून बारा जण हेमलकशाला गेलो होतो. आधी आनंदवन, मग चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली असा तो ठरलेला रस्ता. आलापल्लीपर्यंत गाडीत अंताक्षरी चालू होती. पुढे सागवानाचं जंगल दाट होत गेलं तसे सगळे आपोआप गप्प झाले. पेरमिली, ताडगाव अशी गावं मागे पडतात, आणि 'अजून किती राहिलं' हा प्रश्न पाचव्यांदा विचारायच्या बेतात असताना हेमलकसा येतं. तिथून भामरागड अगदी जवळ. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे भेटतात. नद्यांपलीकडे छत्तीसगड.

लोक बिरादरी प्रकल्पाबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार? बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात तो सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला, १९७६ साली शाळा सुरू झाली, २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं आपण वाचलेलं असतं, सिनेमातही पाहिलेलं असतं. वाचताना न जाणवलेली आणि तिथे गेल्यावर जाणवलेली एक गोष्ट मात्र सांगतो. इथल्या माडिया मुलांची घरची भाषा मराठी नाही. माडिया ही द्रविड कुळातली भाषा, म्हणजे नात्याने तेलुगूला जवळची. शाळेत येणारं पोर मराठी शिकतं, मराठीतून गणित शिकतं, आणि वर आमच्यासारखे पाहुणे येऊन त्याला पुणेरी मराठीत 'बाळा, सांग बरं' म्हणतात. आम्ही शाळेत असताना कोणी तमिळमधून त्रैराशिक शिकवलं असतं तर आमचं काय झालं असतं याचा विचार करावा.

तर आमच्यातल्या प्रत्येकाने मुलांबरोबर तासभर घालवायचा असं ठरलं होतं. एकीने गाणी घेतली, एकाने कागदाची विमानं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यात गणिताची जुनी खाज. मी म्हटलं, मी कोडं घेतो.

कोडं असं. काटकोन त्रिकोण घ्यायचा, ज्याची एक बाजू दुसरीच्या दुप्पट. असे सारखे पाच त्रिकोण. ते जोडून एक चौरस करायचा. हे कोडं मी कॉलेजात असताना कुठेतरी पाहिलं होतं आणि तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. पाच त्रिकोण, एक चौरस, एवढं पक्कं लक्षात होतं.

आदल्या रात्री बिस्किटांचं एक मोठं खोकं फोडून पुठ्ठा काढला. पाच सेंटीमीटर बाय दहा सेंटीमीटरचे दहा आयत आखले आणि प्रत्येक आयत कर्णावर कापला. वीस त्रिकोण. सोळा मुलं येणार होती, म्हणजे चौघांचे चार गट आणि प्रत्येक गटाला पाच त्रिकोण. हिशेब चोख. कात्री बोथट होती त्यामुळे अंगठ्याला फोड आला, पण त्याचाही अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी सोळा मुलं पडवीत जमली. बहुतेक सातवीतली. मी त्रिकोण वाटले, कोडं सांगितलं आणि नियमही ठणकावून सांगितले. तुकडा वाकवायचा नाही, एकावर एक ठेवायचा नाही, कापायचा तर अजिबात नाही.

पहिली दहा मिनिटं मजेत गेली. मुलांनी आयत केले, मासा केला, घर केलं. एका गटाने चार त्रिकोण जोडून तसाच, पण दुप्पट मोठा त्रिकोण केला आणि पाचवा बाजूला ठेवला. ते बघून बाकीच्या गटांनीही तसेच मोठे त्रिकोण केले. मी म्हटलं, "छान, पण चौरस कुठाय?" परत मोडामोड सुरू. आपसात माडियात जोरदार चर्चा. मला अक्षर कळत नव्हतं, पण सूर ओळखीचा होता. आमच्या टीमच्या मीटिंगमध्ये बग कोणाच्या कोडमध्ये आहे यावर चर्चा चालते तेव्हा तसाच असतो.

वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मी फिरत होतो आणि म्हणत होतो, "होतं, होतं. प्रयत्न करा. नीट बघा." पोरं पुन्हा खाली मान घालून बसायची. पाहुणे सर म्हणतायत होतं म्हणजे होतच असणार.

तेवढ्यात एका गटातली एक मुलगी उठून उभी राहिली. हातात पट्टी. म्हणाली, "होत नाही, सर."

मी हसलो. (हे हसू मला अजून आठवतं आणि लाज वाटते.) म्हटलं, "अगं होतं. अजून थोडा प्रयत्न कर."

ती बसली नाही. पुन्हा तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "नाही होत. काठ बसत नाही."

आणि वही पुढे केली. वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ २५. पाचांचं १२५. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. तिचं म्हणणं सरळ होतं. चौरस झालाच तर त्याची बाजू ११ च्या वर आणि १२ च्या आत असणार. आता त्या बाजूवर आपल्याकडचे कोणते काठ बसतील? पाचाचे आणि दहाचे काठ घेतले तर ५, १०, १५ अशीच लांबी होते, ११ आणि १२ च्या मधली कधीच होत नाही. राहिला तिरका काठ. तो तिने पट्टीने मोजला होता, ११ सेंटीमीटरच्या दोन मिलीमीटर वर. म्हणजे चौरसाच्या प्रत्येक बाजूवर एकेक तिरका काठच हवा, दुसरं काही चालणारच नाही. "चार बाजू, चार तुकडे," ती म्हणाली, "मग असं होतं." आणि तिने जमिनीवर चार त्रिकोण भिंगरीसारखे मांडून दाखवले. बाहेरून चौरस अगदी झकास. पण मधोमध एक चौकोनी भोक, पाच बाय पाचचं. पाचवा त्रिकोण तिने त्या भोकावर धरला. त्याची एक बाजू दहाची. कसा मावणार?

मी तिथे उभा, आणि डोक्यात कॉलेजातलं ते जुनं पान लख्ख उघडलं. पाच त्रिकोण खरेच होते. पण त्यातला एक कापायचा होता! पाचव्या त्रिकोणाची दहाची बाजू जिथे निम्मी होते तिथून, पाचाच्या बाजूला समांतर असा एक छेद द्यायचा. टोकाचा छोटा त्रिकोण सुटतो, तो फिरवून उरलेल्या तुकड्याला चिकटवला की पाच बाय पाचचा नेमका चौरस होतो आणि भोक बुजतं. मी ती अर्धी ओळ विसरलो होतो आणि वर 'कापायचं नाही' असा नियमही घालून दिला होता. सोळा मुलांना अर्धा तास जे होणंच शक्य नाही ते करायला लावलं होतं, आणि 'होतं, होतं' म्हणत त्यांच्याभोवती फिरत होतो.

मी कबूल केलं. म्हटलं, "माझं चुकलं. ती म्हणते ते बरोबर आहे. पाचांचा होत नाही."

वाटलं होतं पोरं हसतील. हसली नाहीत. त्यांना माझ्या चुकीत फारसा रस नव्हता, भोकात होता. दोन गट उठून तिच्या मांडणीभोवती गोळा झाले, परत माडियात चर्चा, आणि मग एका मुलाने त्यांच्या गटाचा मघाचा तो मोठा त्रिकोण, चार तुकड्यांचा, सरकवत मध्ये आणला. दुसऱ्या गटाने त्यांचा आणला. तिसऱ्याने, चौथ्याने. चार मोठे त्रिकोण भिंगरीसारखे लागले. मध्ये भोक पडलंच, आता दहा बाय दहाचं. आणि प्रत्येक गटाच्या हातात एकेक तुकडा उरलेला होता, जो मघापासून कुठेच बसत नव्हता. दोन तुकड्यांचा एक आयत, पाच बाय दहाचा. दोन तुकड्यांचा दुसरा आयत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की दहा बाय दहा.

वीस त्रिकोण. एक चौरस. न कापता.

एवढा गलका झाला की जेवणाच्या तयारीत असलेली मंडळी डोकावून गेली. मी वीसच त्रिकोण कापले होते हा निव्वळ योगायोग. माझ्या शहाणपणाचा त्यात काडीचा वाटा नाही.

रात्री थंडी मजबूत होती. शेकोटीपाशी सगळे गप्पा मारत होते, मी वही घेऊन कोपऱ्यात. त्या मुलीच्या सांगण्यात एक फट राहिली होती ती मला बुजवायची होती. चार बाजूंवर चार तिरके काठ हे ठरलं. पण ते भिंगरीसारखेच लागतील कशावरून? एखादा त्रिकोण उलटा लावला तर? मग सुचलं. तिरक्या काठाच्या एका टोकाला जाड कोन असतो, दुसऱ्या टोकाला बारीक. दोन्ही मिळून बरोबर काटकोन. चौरसाच्या एका कोपऱ्यात दोन जाड टोकं आली तर काटकोनाच्या बाहेर जातात, म्हणजे ते बाद. एकूण जाड टोकं चार, कोपरे चार, एका कोपऱ्यात जास्तीत जास्त एक. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एक जाड आणि एक बारीक, आणि मांडणी भिंगरीचीच. झालं. फट बुजली. आता पाच अख्ख्या त्रिकोणांचा चौरस जगात कोणालाच करता येणार नाही, आजही नाही आणि हजार वर्षांनीही नाही.

हे लिहिताना एक गंमत लक्षात आली. तिने अडवलं नसतं तर मी त्या रात्री लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम लिहिला असता. सगळ्या मांडण्या करून बघणारा. त्याने तासभर पंखा फिरवून सांगितलं असतं की सापडलं नाही. पण 'सापडलं नाही' आणि 'होत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोग्रॅमने फक्त मी सांगितलेल्या जागा शोधल्या असत्या. त्या मुलीने एक पट्टी आणि एक गुणाकार घेऊन सगळ्या जागांचा एकदम निकाल लावला.

आणि ती भिंगरी! ती मांडणी आपल्या ओळखीची आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणिता'त हेच आहे. त्यांचं उदाहरण १५ आणि २० बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचं. (श्लोकात आकडे थेट येत नाहीत. पंधराला तिथी आणि विसाला नखं. हातापायाची नखं मोजा!) असे चार त्रिकोण भिंगरीसारखे मांडायचे. एकाचं क्षेत्रफळ १५०, चारांचं ६००. मधलं भोक २० वजा १५, म्हणजे ५ बाय ५, क्षेत्रफळ २५. एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. पायथागोरसचा सिद्धांत चार त्रिकोण आणि एका भोकात. भास्कराचार्यांनी आकृती काढून नुसतं 'पाहा!' म्हटलं ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलो, पण ती मागाहून जोडलेली दिसते. ग्रंथात त्यांनी उदाहरण घेऊन रीतसर समजावलं आहे. चीनमध्ये त्यांच्याही आधी, तिसऱ्या शतकात, झाओ श्वांग नावाच्या भाष्यकाराने ३, ४, ५ चा त्रिकोण घेऊन हीच भिंगरी मांडली होती. चार त्रिकोणांचे चोवीस आणि मधला एक, झाले पंचवीस.

भास्कराचार्यांचं नाव महाराष्ट्रात जिथे दगडावर कोरलेलं आहे ते चाळीसगावजवळचं पाटण. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख सांगतो. तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पाटण राज्याच्या एका टोकाला, हेमलकसा दुसऱ्या. मध्ये आठ-साडेआठशे वर्षं. आणि पडवीतल्या जमिनीवर तीच भिंगरी, बिस्किटांच्या पुठ्ठ्याची. त्या मुलीला ती कोणी दाखवली नव्हती. दुसरं काही बसतच नाही म्हणून ती तिथे पोचली.

आणि कापायची मुभा असेल तर? मग सगळंच होतं. कोणतीही सरळ कडांची आकृती घ्या, ती मोजक्या तुकड्यांत कापून तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस करता येतो. हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वॉलेस, बोल्याय आणि गेरविन यांनी सिद्ध केलं. म्हणजे सगळी गोम नियमात असते. काय होतं आणि काय होत नाही हे विचारण्याआधी नियम कोणी घातला आणि का, हे विचारावं. आमच्या पडवीतला नियम घालणारा मीच होतो, आणि मला तो का घातला हेही माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी हा लेख टाळत होतो ते.

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका कंपनीत (नाव राहू द्या) माझ्या टीममध्ये एक नवीन मुलगी होती. क्लायंटला दोन रिपोर्ट हवे होते. एक रोज मध्यरात्री गोठवलेल्या आकड्यांचा, दुसरा दुरुस्त्या धरून. आणि दोन्हींच्या बेरजा पैशापर्यंत जुळल्या पाहिजेत अशी अट. ती दोन दिवसांनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, हे जुळणार नाही. दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी येतात." मी काय म्हटलं असेन? "अगं, जुळतं. पॉझिटिव्ह रहा. अजून थोडा प्रयत्न कर." तिने तीन वीकेंड प्रयत्न केला. एका रविवारी रात्री अकरा वाजता तिचा मेल आला होता, त्यात पुन्हा तेच, या वेळी उदाहरणासकट. तो मी नीट वाचलाही नाही. शेवटी क्लायंटबरोबरच्या कॉलवर त्यांच्याच माणसाने सांगितलं की या दोन अटी एकत्र पूर्ण होऊच शकत नाहीत. मी लगेच मान डोलावली. क्लायंट म्हणाला ना!

काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. याच कारणाने गेली असं मी म्हणणार नाही, मला ते ठाऊक नाही. पण जाताना ती हे कधी बोलली नाही आणि मीही कधी 'तुझं बरोबर होतं' एवढं म्हटलं नाही. हेमलकशाच्या पडवीत ती पट्टी घेतलेली मुलगी दुसऱ्यांदा 'नाही होत' म्हणाली तेव्हा मला आधी त्रिकोण दिसले नाहीत. तो रविवारचा मेल दिसला.

आपल्याकडे 'होत नाही' हे आळशाचं वाक्य मानतात. पोरगं म्हणालं तर कारण सांगतंय, ज्युनियर म्हणाला तर नकारात्मक आहे. कधीकधी ते खरंही असतं. पण 'मला जमत नाही' आणि 'हे होत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याला मदत लागते, दुसऱ्याला ऐकणारा लागतो. आणि दुसरं वाक्य बोलायला धाडस लागतं, त्यातून समोर शहरातून आलेला, चष्मा लावलेला, 'होतं होतं' म्हणणारा माणूस असेल तर जास्तच. या जंगलात बाहेरून आलेल्यांनी मिठाच्या बदल्यात चारोळी नेल्याच्या हकिकती अजून सांगतात. तिथल्या मुलीने हिशेब मांडून पाहुण्याला 'नाही' म्हणावं, हे मला त्या सगळ्या ट्रिपमध्ये सर्वात मोठं वाटलं. तिला मात्र त्यात विशेष काही वाटलं नसावं. ती जेवणाच्या घंटेबरोबर पळाली.

परत आल्यावर त्या जुन्या सहकारी मुलीला मेल लिहिला. इतक्या वर्षांनी. चार ओळींचाच, कोणतंही स्पष्टीकरण न देता. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, तेही दोनच ओळींचं. ते माझ्यापाशीच राहू दे.

असो. फार लांबलं. तुमच्याकडे पुठ्ठा, कात्री आणि रविवार असेल तर एक कोडं देऊन थांबतो. त्याच पाच-दहाच्या त्रिकोणांचे दहा तुकडे घ्या. न कापता चौरस होतो का?

कापायचं नाही हा नियम या वेळी मुद्दाम घातलाय. आणि होत नसेल तर 'होत नाही' असंच लिहा, पण का ते सांगा. मी हसणार नाही.